बल्ब बदलूनही छोट्या गाडीचे हेडलाइट पुन्हा पुन्हा मंद होतात : दोष शोधण्याचा क्रम आणि उपाय

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने पुढे सरकते. रात्रीच्या प्रवासात उजेड अपुरा वाटतो, म्हणून मालक जास्त वॉटचे बल्ब बसवून घेतो. पहिले आठ-पंधरा दिवस रस्ता लख्ख दिसल्यासारखा वाटतो. मग उजेड हळूहळू उतरतो, एका बाजूचा बल्ब जातो, तो बदलताना मागचा होल्डर करपून तपकिरी झालेला आढळतो, नवा होल्डर घातला की महिना-दोन महिने बरे जातात आणि त्यानंतर तेच रडगाणे पुन्हा सुरू होते. माझ्या गाडीत हे तीन वर्षांत चार वेळा घडले. चौथ्या वेळी मी बल्ब विकत घेण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घेतला, आणि तेव्हा कुठे दोष बल्बात नव्हताच हे कळले.

येथे लिहिलेले सर्व एच-४ बल्बाच्या गाड्यांपुरते आहे. आल्टो, जुनी वॅगन-आर, सँट्रो अशा अनेक छोट्या गाड्यांत हाच बल्ब असतो : एकाच काचनळीत प्रकाश देणाऱ्या दोन तारा (फिलामेंट), अप्परसाठी, म्हणजे दूरच्या झोतासाठी, ६० वॉटची आणि डिपरसाठी, म्हणजे खालच्या झोतासाठी, ५५ वॉटची, मागे तीन पिना. ज्या गाड्यांत कारखान्यातूनच प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेले) किंवा एलईडी दिवे आले आहेत, त्यांना पुढील तपासणी जशीच्या तशी लागू होणार नाही.

माझे रात्रीचे जाणे-येणे मुख्यतः कोल्हापूरहून मलकापूर, आंबा घाट, साखरपा या वाटेने रत्नागिरीकडे होते. पावसाळ्यात घाटात धुके आणि हिवाळ्यात घाटाच्या अलीकडे ऊस, अशी तिथली दोन संकटे आहेत. गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉलीच्या मागे दिवा नसणे हे इतके नित्याचे आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. उसाचा करडा-हिरवा रंग डांबराच्या पार्श्वभूमीवर अगदी जवळ येईपर्यंत वेगळा दिसत नाही, आणि बैलगाडीच्या बाबतीत तर बैलांचे डोळे पलीकडच्या दिशेला असल्याने तेही चमकत नाहीत. अशा एका ट्रॉलीच्या अगदी मागे येऊन मला जोरात ब्रेक मारावा लागला. त्याच आठवड्यात मी एका दुकानातून १००/९० वॉटचे बल्ब बसवून घेतले, आणि वर सांगितलेल्या चक्राची सुरुवात तिथून झाली.

आधी काच आणि डॅशबोर्डवरची चकती

मीटर हातात घेण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात, कारण त्यांना पैसा लागत नाही. जुन्या गाड्यांच्या हेडलाइटला खरी काच असे. अलीकडच्या गाड्यांत पॉलिकार्बोनेट असते आणि उन्हातील अतिनील किरणांमुळे त्यावरचा संरक्षक थर गेला की ते पिवळट, धुरकट होते. अशा काचेतून प्रकाश कमी बाहेर पडतोच, पण जो पडतो तोही विखुरतो, त्यामुळे रस्त्यावर उजेड नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत मात्र चकाकी, असा दुहेरी तोटा होतो. पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने ८००, १०००, १५०० आणि २००० अशा चढत्या क्रमांकाने घासून, पॉलिश करून, वर अतिनील-रोधक क्लिअर कोट मारावा. शेवटचा थर टाळून नुसते पॉलिश केले तर पहिल्या काही आठवड्यांचे समाधान मिळते आणि एक-दोन उन्हाळ्यांत काच पहिल्यापेक्षा वाईट होते. टूथपेस्टने काच चोळण्याचा जो घरगुती उपाय सर्वत्र सांगितला जातो, तो याच जातीचा आहे.

दुसरी गोष्ट डॅशबोर्डवरची, ० ते ३ असे आकडे असलेली चकती. मागे माणसे आणि सामान भरल्यावर गाडीचे नाक वर उचलले जाते, म्हणून दिव्याचा झोत खाली घेण्यासाठी ती दिलेली असते. गाडी धुताना किंवा मुलांच्या हातून ती ३ वर जाते आणि वर्षानुवर्षे तशीच राहते. एका नातेवाइकांच्या गाडीचा ‘मंद उजेड’ मी केवळ ही चकती ० वर आणून दुरुस्त केला, आणि त्यांनी त्याआधी दोनदा बल्ब बदलले होते.

व्होल्टेज मोजणे : खरा दोष इथे सापडतो

हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सम प्रमाणात घटत नाही. तो साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने घटतो. एच-४ बल्बची आंतरराष्ट्रीय चाचणी १३.२ व्होल्टवर होते आणि तिथे अप्परची तार सुमारे १६५० ल्युमेन (प्रकाश मोजण्याचे एकक), तर डिपरची १००० ल्युमेन प्रकाश देणे अपेक्षित असते. त्याच बल्बाला १२.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे जेमतेम एक व्होल्ट कमी पडला, तर प्रकाश जवळजवळ पाव हिश्शाने उतरतो. ११.६ व्होल्टवर तो दोन तृतीयांशाच्याही किंचित खाली येतो आणि पिवळा दिसू लागतो. म्हणून ‘बल्ब किती वॉटचा’ या प्रश्नाआधी ‘बल्बापर्यंत किती व्होल्ट पोहोचतात’ हा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्याकडची दुकाने तो सहसा विचारत नाहीत, कारण विकण्याची वस्तू बल्ब आहे.

मोजण्याची रीत अशी. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवावा. इंजिन चालू करून, कोणाला तरी अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवायला सांगून, अप्पर लावावा. बाह्या आणि मीटरच्या वायरी पट्ट्यापासून व रेडिएटरच्या पंख्यापासून दूर ठेवाव्यात. तो पंखा न सांगता सुरू होतो. प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे. सुस्थितीतल्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. त्यानंतर बल्बच्या मागील कपलरमध्ये, म्हणजे बल्बच्या तीन पिनांवर बसणाऱ्या वायरींच्या जोडात, तो न काढता, मागच्या बाजूने मीटरची टोके पिनांपर्यंत घालून अप्परची पिन आणि अर्थची पिन यांच्यामधील व्होल्टेज मोजावे. कपलर बल्बला जोडलेला आणि बल्ब पेटलेला असणे येथे अत्यंत आवश्यक आहे. बल्ब काढून मोकळ्या कपलरवर मोजले तर तारेतून प्रवाहच वाहत नसल्याने पूर्ण १४ व्होल्ट दिसतात आणि ‘वायरिंग ठीक आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. माझ्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत हेच झाले होते : प्रत्येक वेळी टेस्ट लॅम्प लावून, तो पेटल्याचे मला दाखवून, वायरिंगला निर्दोष ठरवले गेले.

माझ्या गाडीत बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि साध्या ६०/५५ वॉटच्या बल्बसह उजव्या कपलरवर ११.६. अडीच व्होल्ट वाटेत हरवत होते. ते कुठे, हे शोधायला मीटरचे लाल टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि काळे टोक कपलरच्या अप्पर पिनेवर ठेवले : १.७ व्होल्ट. मग बॅटरीचे ऋण टोक आणि कपलरची अर्थ पिन : ०.८ व्होल्ट. दोहोंची बेरीज बरोबर अडीच. म्हणजे दोन तृतीयांश नुकसान जाणाऱ्या वाटेवर आणि एक तृतीयांश परतीच्या वाटेवर, अर्थात अर्थिंगमध्ये. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असेल तर वायरिंगला हात लावण्याचे कारण नाही. एक व्होल्टच्या वर असेल तर बल्बवर खर्च केलेला पैसा वाया जाणार हे निश्चित समजावे.

हे नुकसान होते कसे, ते गाडीची वायरिंग डोळ्यांसमोर आणली की समजते. अनेक जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटला रिले, म्हणजे लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा स्विच, नसतो. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून, इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्यातून आत जाते, स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून, डिपरच्या संपर्कातून फिरते आणि पुन्हा त्याच पत्र्यातून बाहेर येऊन दिव्यापर्यंत पोहोचते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०९ ओहम असतो. दोन्ही दिव्यांचा मिळून दहा अँपिअर प्रवाह तिच्यातून गेला तर केवळ तारेतच ०.९ व्होल्ट खर्ची पडतात. त्यात दहा-बारा वर्षांत काळे पडलेले स्विचचे संपर्क, सैल झालेल्या पिना आणि गंजलेला अर्थचा बोल्ट यांची भर घातली की अडीचचा आकडा आश्चर्याचा राहत नाही. कोकणात दमट, खारी हवा असलेल्या भागात गाडी राहत असेल तर हे आणखी लवकर घडते.

आता जास्त वॉटच्या बल्बाने नेमके काय होते ते पाहू. माझ्या वायरिंगचा अडथळा तेवढाच धरून हिशेब केला, तर १०० वॉटच्या तारेला प्रवाह सुमारे सव्वासात अँपिअर लागतो, बल्बापर्यंत साडेदहा व्होल्टच पोहोचतात आणि तो स्वतःच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश देतो. त्याच वेळी वायरी, स्विच आणि होल्डर यांत मिळून जी उष्णता मुरते ती १२ वॉटवरून २६ वॉटवर, म्हणजे दुपटीच्या वर जाते. ही उष्णता जिथे संपर्क सर्वांत वाईट तिथे, म्हणजे बहुधा होल्डरच्या पिनेवर, एकवटते. पिन तापते, तिची स्प्रिंगसारखी पकड ढिली होते, पकड ढिली झाली की संपर्क आणखी बिघडतो, आणि संपर्क बिघडला की पिन आणखी तापते. होल्डर करपणे हा वेगळा दोष नसून या साखळीचा शेवट आहे, म्हणूनच नुसता होल्डर बदलून तो थांबत नाही. पहिल्या पंधरा दिवसांचा लख्ख उजेड खोटा नसतो. पिना हलवल्याने आणि नव्या बल्बाच्या स्वच्छ पात्यांमुळे संपर्क थोडे दिवस सुधारलेला असतो, इतकेच.

अर्थिंगच्या दोषाची एक खास खूण आहे. एका बाजूच्या दिव्याची अर्थ पूर्ण तुटली की वीज त्याच बल्बाच्या दुसऱ्या तारेतून उलट वाट शोधते. त्या दिव्यात दोन्ही तारा अर्धवट लालसर पेटतात आणि डॅशबोर्डवरची अप्परची निळी खूण डिपरवर असतानाही मंद चमकते. असे दिसले तर बाकी सारे सोडून आधी त्या बाजूचा अर्थचा बोल्ट उघडावा, रंग आणि गंज खरवडून पत्रा उघडा करावा, थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोपण) नवे लावावे, घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. माझ्या गाडीत एवढ्यानेच ०.८ व्होल्टचे ०.२ झाले.

तक्रार मंद उजेडाची नसून बल्ब वरचेवर उडण्याची असेल, तर बॅटरीवरचा आकडा उलट बाजूने पाहावा. व्होल्टेज वाढले की हॅलोजन बल्बचे आयुष्य झपाट्याने घटते. साडेतेराऐवजी पंधरा व्होल्ट मिळत राहिले तर आयुष्य सुमारे पाव हिश्शावर येते. बॅटरीवर पंधराच्या आसपास आकडा दिसला तर अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीच्या जनित्राचा, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर दुरुस्त करावा, नाहीतर बल्बपाठोपाठ बॅटरीही जाईल. आकडा ठीक असून एकाच बाजूचा बल्ब उडत असेल तर तो नीट खाचेत न बसल्यामुळे होणारी थरथर, मागची रबरी टोपी फाटल्याने आत शिरणारे पाणी, किंवा बसवताना काचनळीला लागलेली बोटे ही कारणे तपासावीत. बोटांचा तेलकटपणा क्वार्ट्‌झच्या तापलेल्या काचेवर डाग धरतो आणि तिथून ती फुटते. चुकून हात लागला तर स्पिरिटने पुसावे.

रिले बसवण्यापूर्वीची एक तपासणी

जाणाऱ्या वाटेवरचे नुकसान घालवण्याचा उपाय म्हणजे रिले. दिव्याची वीज बॅटरीतून जाड तारेने थेट दिव्याकडे न्यायची आणि जुन्या वायरिंगला व स्विचला फक्त रिले उघडझाक करण्याचे, म्हणजे अँपिअरचा लहानसा अंश वाहण्याचे काम द्यायचे. तयार वायरिंग किट बाजारात मिळते, पण ते आणण्याआधी आपल्या गाडीत दिवा कोणत्या बाजूने बंद-चालू होतो हे पाहणे आवश्यक आहे. जपानी बनावटीच्या काही गाड्यांत ही रचना उलटी असते.

कपलर बल्बापासून काढून, हेडलाइटचे बटण चालू ठेवून, तीनही पिनांवर बॉडीच्या संदर्भात व्होल्टेज मोजावे. नेहमीच्या रचनेत अप्पर-डिपर बदलताच १२ व्होल्ट एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर जातात आणि तिसरी पिन कायम बॉडीशी जोडलेली असते. उलट रचनेत सामाईक पिनेवर दोन्ही स्थितींत १२ व्होल्ट राहतात आणि उरलेल्या दोन पिना आळीपाळीने अर्थला जोडल्या जातात. अशा गाडीत नेहमीचे किट लावले तर रिले ओढलाच जात नाही किंवा अप्परची निळी खूण बिघडते. तिथे रिलेच्या कॉइलचे (इशारा घेणाऱ्या गुंडाळीचे) एक टोक सामाईक धन पिनेला आणि दुसरे स्विचकडून येणाऱ्या तारेला जोडावे लागते. कॉइलचे एक टोक किटमध्येच बॉडीला बांधून टाकलेले असेल तर ते किट या गाडीला चालणार नाही. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती न केल्यामुळे ‘रिले लावला, पण चालत नाही’ म्हणून किट कपाटात पडून राहिलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहेत.

आणखी एक सावधगिरी : ज्या नव्या गाड्यांत दिव्यांचे नियंत्रण संगणकीय मॉड्यूलकडे असते, तिथे वायरी कापून काहीही जोडू नये. त्या मॉड्यूलची किंमत दहा जोड्या बल्बांहून अधिक असते आणि वॉरंटीही जाते.

रिले बसवणे

अप्परसाठी एक आणि डिपरसाठी एक असे दोन रिले लागतात. ३० किंवा ४० अँपिअरचे पुरतात. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरीकडून येणारी तार, ८७ ला दिव्याकडे जाणारी तार, आणि ८५ व ८६ ही कॉइलची दोन टोके, ही खूणगाठ पक्की असावी. पाच पिनांचा रिले आला असेल तर मधली ८७ए ही पिन रिले बंद असताना जोडलेली असते. चुकून दिव्याची तार तिला गेली तर दिवा बटणाशिवायच पेटून राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.

बॅटरीपासून येणाऱ्या प्रत्येक तारेत १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. फ्यूज लांब, रिलेजवळ बसवला तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार कुठे घासून बॉडीला टेकली की आग लागण्यापासून वाचवणारे काही उरत नाही. स्वस्त किटमधील हाच मोठा दोष आहे, आणि दुसरा दोष तारेचा : वरचे प्लॅस्टिक जाड, आत तांबे मोजके. तार अडीच चौरस मिलिमीटरची असावी. अशा दीड मीटर तारेत दहा अँपिअरला जेमतेम ०.१ व्होल्ट जातो. मी तयार किटचे कपलर आणि रिलेचे सॉकेट ठेवले आणि तारा सगळ्या बदलून घेतल्या. इलेक्ट्रिशियनने ‘कशाला उगाच’ म्हणून दोनदा विचारले, पण काम नेटके केले.

गाडीचा एका बाजूचा मूळ कपलर किटच्या पिनेत बसतो आणि रिलेला इशारा देतो. दुसऱ्या बाजूचा मूळ कपलर मोकळा राहतो, त्याला टेप गुंडाळून, तोंड खाली करून बांधून ठेवावे. नवे होल्डर सिरॅमिकचे घ्यावेत. अर्थची तारही तेवढीच जाड असावी आणि ती प्रत्येक दिव्यामागून स्वच्छ केलेल्या बॉडीच्या बोल्टला किंवा थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी. रिले अशा रीतीने बसवावेत की पिना खालच्या बाजूला येतील, म्हणजे पावसाचे पाणी सॉकेटमध्ये साचणार नाही. सर्व तारा नळीतून ओवून, सायलेन्सर आणि पंख्यापासून दूर बांधाव्यात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे हे सांगायला नको.

हे सर्व झाल्यावर माझ्या उजव्या कपलरवर १३.६ व्होल्ट आले. ११.६ वरून १३.६ म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबाने प्रकाश पावणेदोन पटींच्या जवळ, आणि तोही त्याच ६०/५५ वॉटच्या साध्या बल्बाने. १००/९० चे बल्ब मी काढून टाकले होते; ते पुन्हा लावावेत असे वाटले नाही.

झोताची उंची

उजेड वाढला की झोत नीट लावणे अधिक महत्त्वाचे होते. सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा आणि चालकाच्या जागी एक माणूस बसवून, गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करावी आणि डॅशबोर्डवरची चकती ० वर ठेवावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढावी. डिपर लावल्यावर उजेड-अंधाराची आडवी सीमा त्या रेघेच्या १० ते १३ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दहा मीटर जागा नसेल तर पाच मीटरवरून निम्मे अंतर धरावे. माझ्या गाडीत दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर आहे. झोत एक टक्का खाली असेल तर तो ६५ मीटरवर जमिनीला टेकतो, आणि अडीच टक्के खाली असेल तर केवळ २६ मीटरवर. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. वरच्या दोन आकड्यांत ट्रॉली दिसून थांबणे आणि न दिसणे एवढा फरक आहे, आणि तो दिव्यामागच्या एका प्लॅस्टिकच्या स्क्रूवर अवलंबून आहे.

भिंतीवरची सीमा डावीकडे वर चढलेली दिसेल. तो दोष नव्हे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो म्हणून डाव्या कडेचे पादचारी आणि पाट्या दिसाव्यात यासाठी ती रचना असते. परदेशी बनावटीचे दिवे घेताना मात्र हीच गोष्ट पाहावी. उजव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशांसाठी बनवलेल्या दिव्यात ही चढण उजवीकडे असते, म्हणजे नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. पूर्वी हेडलाइटच्या मधोमध काळा ठिपका रंगवण्याची पद्धत होती. तिचा हेतू चांगला असला तरी काचेवरच्या ठिपक्याने झोताची सीमा ठरत नाही. ती आतल्या परावर्तकाने आणि बल्बातील लहानशा आडोशाने ठरते.

एलईडी बसवावे का

हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एच-४ चा परावर्तक तारेच्या ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो. डिपरच्या तारेखाली धातूचा वाटीसारखा आडोसा असतो आणि त्यामुळे परावर्तकाचा वरचा भागच वापरला जाऊन झोत खाली पडतो. एलईडीच्या पट्टीला जाडी असते, चिप दोन बाजूंना असतात, आणि त्या तारेच्या जागेपासून थोड्या जरी सरकल्या तरी सीमा विस्कटते. गाडीसमोरचे दहा-पंधरा मीटर पांढरेशुभ्र उजळतात, त्या चकाकीने डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचे आधीपेक्षा कमी दिसते. चालकाला मात्र उजेड वाढल्याचेच वाटते. खोक्यावरचे वीस हजार ल्युमेनचे आकडे वाचून फसू नये. प्रत्यक्षात २५ वॉट घेणारा एलईडी सर्व बाजूंना मिळून तीनएक हजार ल्युमेनच्या पलीकडे क्वचितच जातो, आणि तो प्रकाश रस्त्यावर कुठे पडतो हे त्या आकड्यात नसतेच. शिवाय मागच्या पंख्यामुळे रबरी टोपी बसत नाही, आत ओल आणि धूळ शिरते, आणि पहिल्याच पावसाळ्यात परावर्तकाची चकाकी जाते. एचआयडी (झेनॉन) किटला हेच आक्षेप अधिक तीव्रतेने लागू होतात.

आंबा घाटाच्या धुक्यात निळसर पांढरा उजेड किती निरुपयोगी ठरतो हे ज्याने एकदा अनुभवले तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. समोर दुधाची भिंत उभी राहते. तिथे डिपर आणि खाली बसवलेले फॉग लॅम्प एवढेच कामाचे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ दिव्याचा झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा आणि त्यामुळे समोरच्याला न दिपवणारा असावा असे सांगतो. मूळ वॉटचा बल्ब ठेवून केवळ त्याची वीज सुधारली तर झोत आणि दिवा दोन्ही जसेच्या तसे राहतात, हा रिलेच्या उपायाचा आणखी एक फायदा आहे.

त्याहून जास्त हवे असेल तर ६०/५५ वॉटचाच, पण अधिक प्रखर म्हणून विकला जाणारा नामांकित कंपनीचा बल्ब घ्यावा. त्याचा झोत दूरवर अधिक एकवटलेला असतो, आयुष्य मात्र कमी. निळ्या लेपाचे बल्ब घेऊ नयेत, कारण तो लेप प्रकाश अडवतो. आपल्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनीने प्रोजेक्टर दिला असेल आणि तो संपूर्ण दिवा आपल्या गाडीत बसत असेल, तर तो महाग असला तरी एलईडी बल्बपेक्षा शहाणपणाचा पर्याय आहे. त्याआधी वाहन निरीक्षकाकडे विचारणा करावी.

रिले बसवल्यानंतर महिनाभराने अर्धा तास दिवे चालू ठेवून, मग ते बंद करून, प्रत्येक कपलर, रिले आणि फ्यूजच्या होल्डरला हात लावून पाहावा. कोमट लागणे ठीक आहे. बोट टिकत नसेल तर ती जोडणी पुन्हा करावी. माझा डावीकडचा फ्यूज होल्डर असा तापत होता, कारण थिंबल नीट दाबलेले नव्हते. ते बदलले. त्यानंतर दोन पावसाळे गेले असून उजव्या कपलरवरचा आकडा परवा मोजला तेव्हा १३.५ होता.